अडीच अंश आणि चाळीस लाख पक्षी

व्हिटियर हे अलास्कातलं चिमुकलं बंदर. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या भरली २७२, आणि त्यातली बहुतेक माणसं एकाच चौदा मजली इमारतीत राहतात. २०१६ चा जानेवारी नुकताच लागला होता तेव्हा या गावाजवळच्या किनाऱ्यावर एक निवृत्त पक्षीशास्त्रज्ञ मेलेले पक्षी मोजत चालले होते. काळसर पाठ, पांढरंशुभ्र पोट, सरळ टोकदार चोच. भरतीच्या रेषेला लागून ओळीने आणि ढिगाने पडलेले. मोजदाद आठ हजारांच्या घरात गेली. गावातल्या तान्ह्या बाळांसकट माणशी एकोणतीस-तीस पक्षी.

त्या पक्ष्यांच्या अंगावर तेलाचा तवंग नव्हता, छऱ्यांच्या जखमा नव्हत्या. पुढे तपासण्या झाल्या, त्यांतही साथीच्या रोगाचा किंवा विषाचा ठोस पुरावा मिळाला नाही. मिळालं ते एवढंच, की पोटं रिकामी होती, अंगावर चरबी नव्हती आणि छातीचे स्नायू झिजून मधलं हाड धारेसारखं वर आलं होतं. पक्षी उपासमारीने मेले होते, आणि तेही पृथ्वीवरच्या सर्वांत मत्स्यसमृद्ध समुद्रांपैकी एकाच्या काठावर.

या पक्ष्याला अमेरिकेत ‘मर’ म्हणतात. त्याच्या घोगऱ्या आवाजावरून ते नाव पडलं असावं, पण मराठी कानाला या गोष्टीत ते नाव सोसवत नाही. ब्रिटनमध्ये त्यालाच गिलिमॉट म्हणतात. मी तेच नाव वापरते. वजन साधारण एक किलो, म्हणजे एखाद्या गावठी कोंबडीएवढं. उभा राहतो पेंग्विनसारखा ताठ, पण पेंग्विनाशी त्याचं नातं नाही, आणि हा उडतोही.

व्हिटियरचा किनारा हा एका मोठ्या चित्राचा छोटासा तुकडा होता. २०१५ चा उन्हाळा ते २०१६ चा वसंत या काळात कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यांवर मेलेले आणि मरायला टेकलेले मिळून सुमारे ६२,००० गिलिमॉट वाहून आले. जॉन पायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० च्या जानेवारीत या मृत्यूंचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि एकूण बळी दहा लाखांच्या जवळ गेले असावेत असा अंदाज मांडला. तो वाचून पक्षीशास्त्रातली माणसं हबकली. मग २०२४ च्या डिसेंबरात ‘सायन्स’ या नियतकालिकात हेदर रेनर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला, आणि त्यातला आकडा होता चाळीस लाख.

एकच घटना, आणि तिचे तीन आकडे: ६२ हजार, दहा लाख, चाळीस लाख. मधल्या काळात नवा एकही पक्षी त्या लाटेत मेला नव्हता. बदलत गेली ती आपली मोजण्याची रीत. या गोष्टीतला सगळ्यांत विलक्षण भाग मला हाच वाटतो, पण तिकडे वळण्याआधी चाळीस लाख म्हणजे किती, ते जरा नजरेत भरून घेऊ.

सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न थांबता मेलेले पक्षी मोजायला १ जानेवारीच्या मध्यरात्री बसलात, तर शेवटचा पक्षी मोजून होईपर्यंत १६ फेब्रुवारीची सकाळ उजाडलेली असेल. एका गिलिमॉटची लांबी चाळीस सेंटिमीटर धरली आणि चोचीला शेपटी लावून सगळे ओळीने मांडले, तर १,६०० किलोमीटरची रांग होते. राजधानी एक्स्प्रेस मुंबई सेंट्रलहून निघून नवी दिल्लीला पोचेपर्यंत १,३८४ किलोमीटर धावते. म्हणजे मुंबईपासून सगळ्या वाटेने खिडकीतून अखंड पक्षी दिसत राहतील, दिल्ली येईल, आणि रांग पुढे आणखी दोनशे किलोमीटर चालूच असेल.

आणखी एक तुलना आहे, आणि ती त्याच पाण्यातली आहे. व्हिटियर ज्या आखाताच्या काठी वसलंय, त्या प्रिन्स विल्यम साउंडमध्येच २४ मार्च १९८९ ला ‘एक्झॉन व्हॅल्डीझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळलं. तेलाने माखलेल्या पक्ष्यांची ती छायाचित्रं जगभर छापून आली, एका पिढीच्या मनात ती घर करून राहिली. त्या तेलाने सुमारे अडीच लाख समुद्रपक्षी मारले असा अंदाज आहे, आणि त्यांतही बहुसंख्य गिलिमॉटच होते. चाळीस लाख म्हणजे तशा सोळा तेलगळती. या खेपेला मात्र जहाज नव्हतं, कप्तान नव्हता, काळा तवंग नव्हता. पाणी दिसायला होतं तसंच होतं. ते फक्त थोडं कोमट झालं होतं.

किती कोमट? सरासरीपेक्षा अडीच अंश सेल्सियस.

अडीच अंश म्हणजे आपल्याला काहीच नाही. पुण्यात सकाळी दहापासून अकरापर्यंत पारा तेवढा चढतो. पण हवेतला अंश आणि समुद्रातला अंश यांची तुलनाच होत नाही. २०१३ च्या अखेरीस ईशान्य प्रशांत महासागरावर उच्च दाबाचा एक पट्टा ठाण मांडून बसला आणि महिनोन्‌महिने हललाच नाही. हिवाळी वादळं त्याला वळसा घालून जाऊ लागली. एरवी हिवाळ्यात ही वादळं समुद्र ढवळून काढतात, वरच्या थराची ऊब हवेत सोडतात आणि खालचं गार, खनिजयुक्त पाणी वर आणतात. त्या हिवाळ्यात हे काम झालंच नाही. म्हणजे समुद्रात वेगळी उष्णता ओतली गेली असं कमी, आणि आतली बाहेर पडायची राहून गेली असं जास्त. वॉशिंग्टन राज्याचे हवामानतज्ज्ञ निक बाँड यांनी या कोमट पाण्याच्या पसाऱ्याला ‘द ब्लॉब’ असं नाव दिलं. ब्लॉब म्हणजे आकारउकार नसलेला गोळा. २०१४ च्या उन्हाळ्यात तो लांबी-रुंदीने सुमारे १,६०० किलोमीटर पसरला होता आणि सुमारे ९० मीटर खोल होता.

हे आकडे हातात आहेत तर हिशेब करून पाहू. मी कागद-पेन्सिल घेऊन केला, आणि दोनदा तपासला. १,६०० गुणिले १,६०० म्हणजे पंचवीस लाख साठ हजार चौरस किलोमीटर, आठहून अधिक महाराष्ट्र. त्यावर ९० मीटर पाणी उभं करा. एवढं पाणी एक अंशाने तापवायला जी ऊर्जा लागते, ती सगळ्या जगातली माणसं कोळसा, तेल, वायू, धरणं, अणुभट्ट्या सगळं मिळून साधारण दीड वर्षात वापरतात तेवढी भरते. अडीच अंशांना जवळजवळ चार वर्षांची. जगातल्या प्रत्येक गाडीची, कारखान्याची, चुलीची आणि दिव्याची चार वर्षांची ऊर्जा समुद्राच्या एका कोपऱ्यात, पाण्याच्या वरच्या थरात साचून राहिली होती. पुढे तर हा पसारा मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत किनाऱ्याला येऊन भिडला आणि २०१६ पर्यंत टिकला.

तरीही पक्षी काही कोमट पाण्याने मरत नाहीत. गिलिमॉट कॅलिफोर्नियातही राहतो, अलास्कातही. अडीच अंशांपासून उपासमारीपर्यंतची वाट माशांमधून जाते.

त्यासाठी आधी या पक्ष्याचा रोजचा जमाखर्च पाहायला हवा. गिलिमॉटला दिवसाला स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून थोडे जास्त मासे लागतात. साठ किलोच्या माणसाने रोज तीस-बत्तीस किलो जेवावं, तसं. बोटाएवढा मासा दहा ग्रॅमचा धरला, तर रोज पन्नासहून जास्त मासे, एकेक पाठलाग करून पकडलेले. इतकी भूक असण्याचं कारण त्याच्या पंखांत आहे. हे पंख आखूड आणि अरुंद असतात, कारण त्यांचं खरं काम वल्ह्याचं आहे. गिलिमॉट पाण्याखाली पंख मारत पोहतो आणि दीडशे मीटरच्याही खाली जातो. म्हणजे दोन कुतुबमिनार एकावर एक ठेवले तर बुडतील इतक्या काळोखात, एका दमात. वर येऊन चार श्वास घेतो आणि पुन्हा खाली. पण वल्हं म्हणून चोख असलेला पंख हवेत फार महाग पडतो. काईल इलियट आणि सहकाऱ्यांनी याच पक्ष्याच्या सख्ख्या भावंडावर, जाड चोचीच्या गिलिमॉटवर, अभ्यास केला आणि २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. उडताना हा पक्षी विश्रांतीच्या ३१ पट ऊर्जा जाळतो, उडणाऱ्या कुठल्याही पृष्ठवंशीय प्राण्यात मोजली गेलेली सर्वांत जास्त. पंखांचा याहून अधिक पाण्याकडे कल झाला असता तर तो पेंग्विनांच्या वाटेने गेला असता.

असा पक्षी हातावर पोट असलेल्या माणसासारखा जगतो. शिल्लक नाही. तीन ते पाच दिवस पोटात मासा गेला नाही, की संपलं. एवढी निकड असूनही हा पक्षी हजारो वर्षं कोट्यवधींच्या संख्येने टिकून राहिला, याचा अर्थ समुद्राने त्याला आजवर सलग तीन-चार दिवस सहसा उपाशी ठेवलं नव्हतं. आणि हा थवाही लहान नव्हे. अलास्कात या संकटाआधी सुमारे ऐंशी लाख गिलिमॉट होते, जगातल्या या जातीचा साधारण चौथा हिस्सा. पक्ष्यामागे दिवसाला अर्धा किलो धरला तर रोजचे ४,००० टन मासे, वर्षाचे साडेचौदा लाख टन. २०२२ मध्ये भारताच्या मुख्य भूमीच्या सगळ्या किनाऱ्यांवर, गुजरातपासून बंगालपर्यंत, मिळून ३४.९ लाख टन मासळी उतरली. म्हणजे आपल्या सगळ्या कोळीवाड्यांची, सगळ्या ट्रॉलरांची मिळून जी वर्षाची कमाई, तिच्या चाळीस टक्के मासे एका प्रदेशातली एक पक्षीजात चोचीने एकेक करून पकडत होती. हिशेब ढोबळ आहे, पण त्यावरून त्या समुद्राच्या सुपीकतेचा अंदाज येतो.

ब्लॉबने ही सुपीकता दोन बाजूंनी दाबली. खालून असं, की गार पाण्यातले चरबीने भरलेले प्राणिप्लवक कमी झाले आणि त्यांची जागा लहान, किडकिडीत, कोमट पाण्यातल्या जातींनी घेतली. ते खाणारे कॅपेलिन, सँड लान्स, हेरिंग यांसारखे छोटे मासे संख्येने घटले, आणि जे उरले ते रोडावले. पन्नास मासे पकडूनही पूर्वीच्या तिसांची ऊर्जा मिळेना, अशी गत. वरून असं, की कॉड, पोलॉक यांसारखे मोठे मासे थंड रक्ताचे. पाणी तापलं की त्यांच्या शरीराची भट्टी आपोआप जोरात चालते, त्यांना भूक जास्त लागते. ते जास्त खायला लागले, आणि तेच छोटे मासे. म्हणजे ताटातलं अन्न कमी झालं त्याच वेळी पंगतीतल्या आडदांडांची भूक वाढली. त्या ओढाताणीत कॉडही टिकला नाही. २०१७ च्या पाहणीत अलास्काच्या आखातातला कॉड ७० टक्क्यांहून जास्त घटलेला दिसला आणि २०२० मध्ये तिथली कॉडची मासेमारी बंद ठेवावी लागली. ज्या समुद्रात कॉडला मासा मिळेना, तिथे चार दिवसांची मुदत असलेल्या गिलिमॉटला कुठून मिळणार?

आता मोजणीकडे येते.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ज्युलिया पॅरिश यांनी एक काम उभं केलं आहे. सर्वसामान्य माणसं, त्यांत शिक्षक असतात, निवृत्त असतात, कोळी असतात, दर महिन्याला आपापला ठरलेला किनारा चालून जातात आणि वाहून आलेले मेलेले पक्षी शोधतात. सापडलेल्या पक्ष्याची चोच, पंख आणि पाय मोजायचे, छायाचित्र घ्यायचं, आणि त्याला रंगीत पट्टी बांधून तिथेच ठेवायचं, म्हणजे पुढच्या खेपेला तोच पक्षी दुसऱ्यांदा मोजला जात नाही. थंडीत, पावसात, वास मारणाऱ्या प्रेताशेजारी गुडघे टेकून पट्टी घेऊन बसणाऱ्या या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. कारण ‘यंदा खूप पक्षी मेले’ हे वाक्य कुणीही बोलू शकतं. ‘एरवीपेक्षा इतके पट मेले’ हे म्हणायला आधीची वीस वर्षं कुणीतरी चाललेलं असावं लागतं. ६२,००० या आकड्यामागे अशी पावलं आहेत.

पण किनाऱ्यावर येतो तो पक्षी फार नशिबाने येतो. समुद्रात मेलेला पक्षी बुडतो, त्याला कुणी खातं, वारा त्याला उलट दिशेला नेतो, किंवा तो जिथे माणूस कधी पोचत नाही अशा खडकांवर लागतो. अलास्काचा किनारा इतका वेडावाकडा आणि निर्मनुष्य आहे की बहुतेक प्रेतं कुणाच्या नजरेसच पडत नाहीत. बेरिंग समुद्रातल्या सेंट पॉल या बेटावर २०१६-१७ च्या हिवाळ्यात दुसऱ्या एका जातीचे, पफिन नावाचे पक्षी मेले. हाती लागली ती साडेतीनशेच्या आसपास प्रेतं. वारा, प्रवाह, प्रेत किती दिवस तरंगतं, यांचं गणित मांडून अभ्यासकांनी काढलेला खरा आकडा होता ३,१५० ते ८,८०० यांच्या मध्ये. पायट यांचा दहा लाखांचा अंदाज असाच, सापडलेल्यांवरून न सापडलेल्यांकडे जाणारा होता. त्याच पायट यांनी १९८९ च्या तेलगळतीतलेही पक्षी मोजले होते, तेव्हा या कामात त्यांच्याइतका मुरलेला माणूस क्वचितच कुणी. तरीही अंदाज चौपटीने कमी पडला.

रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेतं मोजलीच नाहीत. त्यांनी रिकाम्या जागा मोजल्या.

गिलिमॉट वर्षातला बराच काळ समुद्रात विखुरलेला असतो, पण उन्हाळ्यात अंडी घालायला न चुकता आपापल्या कड्यावर परत येतो. घरटं बांधत नाही. उभ्या कड्यावरच्या वीतभर रुंदीच्या खडकाळ कठड्यावर खांद्याला खांदा लावून हे पक्षी उभे राहतात. एका चौरस मीटरमध्ये वीस-वीस. कॅरम बोर्डाएवढ्या जागेत दहा-बारा पक्षी, तेही आपापल्या अंड्यासह. अलास्कातल्या अशा वसाहतींमध्ये अभ्यासकांनी कड्यांचे ठरावीक भाग वर्षानुवर्षं नेमून ठेवले आहेत. दर उन्हाळ्यात त्याच भागातले, त्याच पद्धतीने, पक्षी मोजायचे. काम कंटाळवाणं आहे. कुठल्याही एका वर्षी त्यातून बातमी निघत नाही.

रेनर यांच्या चमूने तेरा वसाहतींच्या नोंदी घेतल्या आणि संकटाआधीची सात वर्षं, २००८ ते २०१४, आणि नंतरची सात वर्षं, २०१६ ते २०२२, समोरासमोर ठेवली. तेराही वसाहती घटल्या होत्या. कुठे निम्म्याने, कुठे तीन-चतुर्थांशाने. ५२ टक्क्यांच्या खाली एकही नाही, आणि वरची हद्द ७८ टक्क्यांची. अलास्काच्या आखातात साधारण निम्मे गेले, बेरिंग समुद्राच्या बाजूला चारांतले तीन. सगळं मिळून चाळीस लाख, अलास्कातले निम्मे गिलिमॉट. आधुनिक काळात नोंदल्या गेलेल्या वन्य पशुपक्ष्यांच्या कुठल्याही एका संहारापेक्षा मोठा आकडा. म्हणजे किनाऱ्यावर सापडलेल्या दर एका पक्ष्यामागे सुमारे साठ पक्षी कुणाला न दिसता गेले.

हे कळायला आठ-नऊ वर्षं का लागली, तर त्याचंही कारण आहे. संकटानंतर पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांत कडे ओस दिसले तेव्हा, पक्षी मेले की नुसते आले नाहीत, हे सांगता येत नव्हतं. समुद्रपक्षी वाईट वर्षी विणीला दांडी मारतात. प्रशांत महासागराच्या मधोमध ख्रिसमस आयलंड आहे, तिथे १९८२ च्या नोव्हेंबरात रॅल्फ आणि एलिझाबेथ श्रायबर हे दांपत्य पोचलं तेव्हा सुमारे एक कोटी सत्तर लाख समुद्रपक्ष्यांचं बेट जवळजवळ निर्जन झालेलं होतं. एल निनोमुळे मासे गेले, तेव्हा पक्ष्यांनी पिलं सोडून दिली आणि समुद्रावर दूर पांगले. पण मोठ्या पक्ष्यांतले पुष्कळसे जिवंत होते, आणि पाणी निवळल्यावर ते परतले. अलास्कातही तसं होईल अशी आशा होती. म्हणून दरवर्षी मोजत राहावं लागलं. २०१७, २०१८, २०१९. पाणी पूर्वपदावर आलं, कड्यांवरचा आकडा मात्र हलला नाही. सात उन्हाळे थांबल्यावर मग ‘गैरहजर’ या नोंदीचा अर्थ ‘मृत’ असा लावता आला.

समुद्रपक्ष्यांना जगायला किती मासे हवेत, याचंही एक उत्तर आहे. फिलिप क्युरी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सात सागरी परिसंस्थांतल्या चौदा जातींच्या, एकत्र मोजली तर ४३८ वर्षं भरतील इतक्या नोंदी पडताळल्या. छोट्या माशांचा साठा त्याच्या कमाल पातळीच्या एक-तृतीयांशापर्यंत घसरला तरी पक्षी पिलं वाढवतात. त्याखाली गेला, की वीण ढासळते. आर्क्टिकपासून अंटार्क्टिकपर्यंत, वेगवेगळ्या जाती, वेगवेगळे मासे, आणि उंबरठा जवळजवळ एकच. ब्लॉबच्या पट्ट्यात तर २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत वेगवेगळ्या वसाहतींमध्ये मिळून २२ वेळा असं झालं, की अख्ख्या वसाहतीत एकही पिलू वाढलं नाही.

ही अलास्कातली गोष्ट लिहिताना मला आपला समुद्र आठवत राहतो, आणि ते नुसतं आपुलकीपोटी नाही. पुण्यात पाषाणला आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था आहे. तिथल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९८२ ते २०१८ या काळातल्या समुद्री उष्णतेच्या लाटा मोजल्या. पश्चिम हिंदी महासागरात ६६ आणि बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात ९४. पश्चिमेकडे तर दर दशकाला साधारण दीड या गतीने त्या वाढत आहेत. ब्लॉब हेही अशाच लाटेचं नाव, फक्त अजस्र. आपल्याकडे छोट्या माशांचं काय होतं ते तारलीने दाखवलं आहे. केरळात २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये ३,२९७ टन. जिथे एकशेवीसच्या आसपास टोपल्या यायच्या तिथे जेमतेम एक. त्यामागे पाण्याच्या स्थितीइतकीच बेसुमार मासेमारीही होती. आणि सिंधुदुर्गात निवतीसमोर समुद्रात वेंगुर्ला रॉक्सचे खडक आहेत, तिथल्या कड्यांवर सुरय वीण करतात, गुहांमध्ये पाकोळ्या लाळेची घरटी बांधतात. तिथला एखादा कठडा नेमून, दरवर्षी त्याच दिवसांत, त्याच जागेवरून मोजणारी माणसं वीस वर्षं टिकावीत असं मला मनापासून वाटतं. लाट आल्यावर मोजायला सुरुवात केली, तर उणे कशातून करायचं तेच कळत नाही.

तारली पुढच्या दोन वर्षांत पुन्हा लाख टनांवर गेली. माशाला ते जमतं, कारण एक मादी हजारोंनी अंडी सोडते. चांगलं एक वर्ष मिळालं की ती भरारी घेते. गिलिमॉटची मादी वर्षाला एक अंडं घालते. एकच. आणि पिलू स्वतः अंडं घालण्याजोगं व्हायला चार-पाच वर्षं जातात. वसाहत दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढली असं उदारपणे धरलं तरी दुप्पट व्हायला चौदा वर्षं लागतात. चारांतले तीन गेले असतील तिथे दोनदा दुप्पट व्हायला हवं, म्हणजे अठ्ठावीस वर्षं. मधल्या अठ्ठावीस वर्षांत समुद्राने एकदाही तापायचं नाही, ही अट.

त्यातही कड्यावरची गर्दी हीच या पक्ष्याची भिंत असते. खांद्याला खांदा असला की कुरव (गल) आणि डोमकावळे यांना अंड्यापर्यंत चोच घालता येत नाही, पन्नास सुऱ्या एकदम त्यांच्याकडे वळतात. कठड्यावर फटी पडल्या, शेजारी उरले नाहीत, की एकेकटा पक्षी आपलं अंडं राखू शकत नाही.

ते अंडं मात्र पाहण्यासारखं असतं. एका टोकाला निमुळतं, पेअरच्या फळासारखं, मोठं, आणि रंगाने कुठलंही. गर्द निळसर हिरवं, फिकट आकाशी, पांढरट, मातकट. त्यावर काळ्या-तपकिरी शाईने कुणी घाईघाईत गिरगोट्या मारल्यासारख्या रेघा, किंवा नुसते शिंतोडे. दोन अंडी सारखी सापडत नाहीत. त्या दाटीवाटीत आई-बाप आपलं अंडं त्या गिरगोट्यांवरून ओळखतात. पिलू बाहेर पडायच्या आधीपासून कवचाच्या आतून आवाज देतं, आणि बाप तो आवाज शिकून घेतो. तीन आठवड्यांचं झालं की पिलाला उडता येत नसतं, पंखांची पिसं पुरती फुटलेलीही नसतात. संध्याकाळी उजेड मंदावला की बाप खाली पाण्यावर उतरतो आणि हाका मारू लागतो. पिलू कठड्याच्या काठाशी येतं, मागे सरतं, पुन्हा येतं. मग तेवढ्या उंचीवरून खाली उडी टाकतं. पाण्यात पडल्यावर शेकडो आवाजांतून ते एकाच हाकेकडे वल्हवत जातं, आणि दोघं उघड्या समुद्राकडे निघतात. पुढचे एक-दोन महिने बापच त्याला मासे पकडून भरवणार असतो.